जांभळाचे झाड कोणाचे? जंगल राखणे आणि हवेतला कार्बन

आपल्या व्याख्यानमालेत बहुतेक वेळा साहित्याचा, इतिहासाचा किंवा संतविचाराचा विषय असतो. यंदा जंगल आणि हवामान या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी जरा संकोचले. मी वनशास्त्राची अभ्यासक नाही. कुकटपल्लीत होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारी डॉक्टर आहे, आणि जे सांगणार आहे ते एका वाचकाच्या भूमिकेतून. पण हा विषय मी स्वीकारला त्याला एक कारण आहे. दवाखान्यात येणारी आपलीच माणसे अलीकडे एक प्रश्न विचारतात. नातवाच्या वाढदिवसाला सोसायटीत झाड लावलेले असते, फोटोही काढलेला असतो, आणि मग प्रश्न येतो: "डॉक्टर, झाडे लावली की आपले काम झाले ना?" उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतके सोपे नाही. त्या उत्तरासाठीच आजचा हा वेळ मागून घेते.

सुरुवात एका चित्रापासून करू. पुष्कळ जैन मंदिरांत ते भिंतीवर रंगवलेले दिसते. फळांनी लगडलेले जांभळाचे झाड आणि त्याच्याभोवती सहा भुकेले वाटसरू. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडल्या तरी पुरे. तिसरा डहाळ्यांवर येतो. चौथा म्हणतो, घोस तेवढे तोडू. पाचवा म्हणतो, पिकलेली फळे खुडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली जांभळे वेचली तरी आपली भूक भागेल. मनाच्या सहा छटा, म्हणजे सहा लेश्या, समजावण्यासाठी ही गोष्ट सांगतात. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतची ती चढण आहे. लहानपणी मला ती केवळ संयमाची गोष्ट वाटे. पुढे हवामानाविषयी वाचू लागले तेव्हा ध्यानात आले, की झाडाकडून काय घेतले आणि कसे घेतले, यावरच हवेत किती वायू जाणार हे ठरते. गोष्टीतली चढण आणि विज्ञानातली चढण बरीचशी एकच आहे. कुठे एक नाही, तेही पुढे पाहू.

झाडात काय साठते

झाड आपले शरीर मातीपासून बनवते, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात ते मुख्यतः हवेपासून आणि पाण्यापासून बनवते. पाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, मुळे पाणी देतात, सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यांची साखर होते आणि त्या साखरेतून खोड, फांद्या, मुळे घडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो. हे लाकूड जळले किंवा कुजले की तो कार्बन पुन्हा प्राणवायूशी जोडला जातो. कार्बनच्या १२ भारांना प्राणवायूचे ३२ भार चिकटले की ४४ भार कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून एक टन कार्बन मोकळा झाला की हवेत सुमारे ३.६७ टन वायू जातो.

आपल्या डोळ्यांना खोड आणि फांद्या दिसतात, पण जंगलाची सगळी शिल्लक तिथे नसते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांच्या सुमाराने देशाचा वन-अहवाल काढते. तिच्या हिशेबात कार्बनचे पाच कप्पे आहेत: जमिनीवरचा झाडोरा, जमिनीखालची मुळे, मेलेले लाकूड, पालापाचोळा आणि माती. २०२३ च्या अहवालानुसार भारतातल्या जंगलांत मिळून सुमारे ७२८.५ कोटी टन कार्बन आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. शेकडो वर्षे पाने गळून, मुळे कुजून तो तिथे मुरलेला असतो. झाडाची सावली गेली, जमीन उकरली गेली, ऊन आणि हवा आत शिरली की मातीतले सूक्ष्मजीव तो साठा वेगाने खाऊ लागतात. पहिल्या वाटसरूचा अपराध म्हणूनच दिसतो त्याहून मोठा आहे. त्याच्या कुऱ्हाडीने झाड तर पडतेच, पण त्याखालची तिजोरीही फुटते.

जगाच्या पातळीवर हा हिशेब लहान नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या मते २०१९ साली माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे २२ टक्के शेती, जंगल आणि जमिनीच्या वापरातून आले. त्यातला जवळपास निम्मा भाग जमिनीच्या वापरातल्या बदलाचा, मुख्यतः जंगलतोडीचा होता. उलट बाजूने, आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के जगातली जमीन आणि तिच्यावरची झाडे दरवर्षी शोषून घेतात. एकाच वहीत जंगल जमेच्याही बाजूला आहे आणि खर्चाच्याही. आपण त्याच्याशी कसे वागतो, यावर रकाना ठरतो.

यातून जंगल-व्यवस्थापनाची तीन कामे निघतात. पहिले, जे उभे आहे ते उभे ठेवणे. दुसरे, जे विरळ आणि खुरटे झाले आहे त्याला पुन्हा भरू देणे. तिसरे, जिथे काही नाही तिथे नवे लावणे. वायू कमी करण्याच्या दृष्टीने क्रम हाच आहे. समारंभ मात्र बहुधा तिसऱ्या कामाचे होतात.

रोप आणि रान

आपल्या तेलंगणात २०१५ च्या जुलैत हरितहारम ही योजना सुरू झाली. राज्याचे वृक्षाच्छादन २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर न्यायचे आणि त्यासाठी २३० कोटी रोपे लावायची, असा संकल्प होता. रस्त्यांच्या दुभाजकांवर, शाळांत, गावांच्या रोपवाटिकांत त्याच्या खुणा आपण पाहिल्या आहेत. आपल्या शहराला सावलीची गरज आहे, तेव्हा असल्या कामाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पण दुसरीही गोष्ट आपण इथेच पाहिली. २०२५ च्या मार्चअखेरीस हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीतल्या सुमारे ४०० एकर जागेवर जेसीबी फिरू लागले. विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर सुमारे १०० एकरांवरची झाडी गेली होती. ती पुन्हा उभी कशी करणार याचा आराखडा न्यायालयाने सरकारकडे मागितला. त्या वादात एक प्रश्न सारखा पुढे येत होता: हे कागदोपत्री जंगल आहे की नाही? वन सर्वेक्षणाची व्याख्या तर अशी आहे, की एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची सावली किमान १० टक्के असली की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणते, हे त्यात पाहत नाहीत. त्यामुळे आमराईसुद्धा वनाच्छादनात मोजली जाते. त्याच वेळी महसुली दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदलेली, कुणी न लावलेली खरी झाडी बेवारस राहते. उपग्रहाला दिसणारे हिरवे, दप्तरातले हिरवे आणि जमिनीवरचे हिरवे या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

थोडे आकडे मांडू. २०२३ च्या अहवालातला एकूण कार्बन भागिले एकूण वनक्षेत्र केले, तर देशाची सरासरी हेक्टरी सुमारे १०० टन कार्बन येते. म्हणजे ३६७ टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो वायू निघतो. वर्षाला ५०० लिटर पेट्रोल पिणारी घरची गाडी सव्वा टनाच्या आतबाहेर वायू सोडते. तेव्हा सरासरी जंगलाचा एक हेक्टर पुरता उद्ध्वस्त झाला, मातीसकट, तर तो अशा तीनशेहून अधिक गाड्यांच्या वर्षभराच्या धुरासारखा आहे. उलट, चांगले वाढलेले एक झाड वर्षाला ढोबळमानाने वीस-पंचवीस किलो वायू शोषते. नुकते लावलेले रोप पहिली काही वर्षे त्याच्या अंशभरच. ते जगले तर पुढे काम करणार, आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत किती रोपे मरतात ते आपण दुभाजकांवर पाहतोच.

म्हणून 'एक झाड तोडले, त्याच्या बदल्यात दहा लावली' हा हिशेब वहीत जुळला तरी हवेत जुळत नाही. तोडलेल्याचा वायू आज जातो. लावलेल्याची भरपाई तीस-चाळीस वर्षांनी होते, तीही झाली तर. कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला दिली की पर्यायी वनीकरण करावे लागते. ते नसण्यापेक्षा असलेले बरे. पण जुने रान आणि नवी लागवड यांची अदलाबदल सोन्याची आणि उधारीच्या चिठ्ठीची आहे.

दुसऱ्या कामाचे, खुरटलेले रान भरू देण्याचे, कौतुक आपल्याकडे कमी होते. आपल्या दख्खनच्या पानगळीच्या रानात साग, तेंदू, पळस यांना तोडले तरी खुंटाला नवी फूट येते, कारण खालची मुळे जिवंत असतात. अशा जागी खड्डे काढून रोपे लावण्यापेक्षा आग आणि बेसुमार चराई यांपासून चार पावसाळे जपणे स्वस्त पडते, आणि रान आपल्याच मुळांवर उभे राहते. आजारी माणसाला दर वेळी नवे औषध लागते असे नाही. कधी कुपथ्य थांबवले की पुरते.

राजुऱ्याच्या पलीकडे

जपायचे म्हटले तर जपणार कोण? त्यासाठी गोदावरीच्या पलीकडे जाऊ. ज्या घरांना हैदराबादेत तीन-चार पिढ्या झाल्या, त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल, की आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच्याच पूर्वेला गडचिरोली आहे. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या काठाने तेलंगणाला भिडलेला हा जिल्हा. आपल्यापैकी अनेकांचे मूळ मराठवाड्यात. तिथल्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, आणि २०१६ साली त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. गडचिरोलीत मात्र भूभागाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास जंगल आहे. महाराष्ट्राची कार्बनची मोठी शिल्लक तिथे आहे.

या जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे एक लहान गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरे, वस्ती गोंडांची. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध त्या भागात 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन झाले. धरणे बारगळली, पण आंदोलनातून प्रश्न उरला: वाचवलेले जंगल सांभाळणार कोण? मेंढ्याच्या लोकांनी त्याचे उत्तर स्वतःपुरते दिले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा पुढे महाराष्ट्रभर गेली. गावाचे नेतृत्व देवाजी तोफा यांच्याकडे होते, आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे अभ्यासाचे सोबती होते. गावाने दोन रिवाज पाडले. एक, निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असला तर थांबायचे. दुसरा, निर्णयाआधी अभ्यासगट बसवायचा. जंगलावर पाळीने पहारा सुरू झाला. फळझाडे तोडायची नाहीत असे ठरले. मधमाश्या न जाळता मध कसा काढावा, हेही त्यांनी अभ्यासगटात शिकून घेतले. आम्ही जैन मध खात नाही, तरी हे वाचून मला बरे वाटले.

कायदा मागाहून आला. २००६ साली वनहक्क कायदा झाला, आणि २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचे नाव आहे. तरीही बांबूवर गाडी अडली. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना 'झाड' म्हणून होती. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत, आणि २००६ च्या कायद्यात ते गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचे. पण वाहतुकीचा परवाना वन खात्याचा. बांबू गावाचा, पण तो रस्त्यावर आणला की गुन्हा, अशी ती कोंडी होती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ साली कायद्यातून बांबूचे 'झाडपण'ही काढले गेले, पण तेवढेच वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरते. तो आता शेतकऱ्याला मोकळेपणी लावता आणि तोडता येतो.

देशाच्या सरासरीने धरले, तर १८०० हेक्टरांत १ लाख ८० हजार टन कार्बन, म्हणजे साडेसहा लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो. मघाच्या मापाने पावणेसहा लाख गाड्यांचा वर्षभराचा धूर. मेंढ्याचे प्रत्यक्ष मोजमाप याहून कमी-जास्त असू शकेल. पण शंभर घरांच्या पहाऱ्याखाली केवढी रक्कम आहे, याची कल्पना यावी.

तोडणे म्हणजे नेहमी हानी नव्हे

इथे जांभळाच्या गोष्टीची मर्यादा दिसते. तिच्यात कमी घेणारा नेहमी श्रेष्ठ ठरतो. बांबूला ते लागू पडत नाही. पावसाळ्यात बांबूचा कोंब वर येतो आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढची दोन-तीन वर्षे तो जाड होत नाही, पक्का होतो. त्यानंतर तो म्हातारा होऊ लागतो. जुने बांबू काढलेच नाहीत तर बेट आतून गच्च होते, वाळते, नव्या कोंबांना जागा राहत नाही, आणि उन्हाळ्यात ते बेट म्हणजे पेटायला तयार सरपण. म्हणून नियम असा, की एक-दोन वर्षांचा बांबू राखायचा, तीन वर्षांपुढचा काढायचा, बेटात ठरावीक संख्या शिल्लक ठेवायची, जमिनीलगतच्या पेरावर स्वच्छ घाव घालायचा आणि पावसाळ्यात तोड बंद ठेवायची. या रीतीने बेट दरवर्षी नवे बांबू देते आणि मुळांतला व मातीतला साठा जागेवर राहतो.

नियम सोपा आहे, पण पाळणाऱ्याला कष्ट पडतात. बेटाच्या आतले जुने बांबू काढायला हात ओरबाडून घ्यावे लागतात. कडेचे कोवळे सहज मिळतात. नगावर मजुरी मिळणारा आणि पुढच्या वर्षी परत न येणारा मजूर कडेचे तोडणार, हे स्वाभाविक आहे. पुढच्या वर्षीही याच बेटाकडे येणारा माणूस आत हात घालतो. कार्बनचा प्रश्न अखेर या हातापाशी येऊन थांबतो.

काढलेल्या मालाचे पुढे काय होते, तेही महत्त्वाचे. कागद झाला तर कार्बन लवकरच हवेत परततो. घर, खुर्ची, दार झाले तर तो दशकानुदशके अडकून राहतो. हैदराबादच्या जुन्या वाड्यांतली सागवानी दारे आठवा. त्यांतला कार्बन शंभर वर्षांपूर्वीच्या हवेतला आहे आणि अजून बाहेर पडलेला नाही. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान गेले, ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतले. जितके नवे वाढते त्याच्या आत तोड ठेवली आणि लाकूड टिकाऊ कामाला लावले, तर तोडही हवेच्या बाजूची ठरू शकते. ही अट पाळली नाही, की आपण पुन्हा पहिल्या वाटसरूच्या रांगेत.

वणवा

आता अशा हानीकडे येते जिच्यात कुणाला जांभूळही मिळत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीपासून पावसापर्यंत वणव्यांचा काळ असतो, आणि बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. पानगळीच्या रानातली आग बहुधा जमिनीवरून सरकत जाते. मोठी झाडे वाचतात म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते. पण पालापाचोळा, बी, कोंब, लहान रोपे जातात. दरवर्षी अशी आग लागली तर रानात आजोबा राहतात आणि नातवंडे राहत नाहीत. कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे अधिक तापदायक वायूही धुरात असतात.

आग लावणारा दुष्ट असतो असे नव्हे. मोहफुले वेचायला जमीन स्वच्छ हवी म्हणून झाडाखाली पाला पेटवतात. तेंदूला विडीसाठी कोवळी, मोठी पाने यावीत म्हणूनही रान पेटवले जाते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले. पानांपायी झाडे छाटली जातात, आग लागते, आणि खाण्याजोगी टेंभरेही हातची जातात, हा त्यांचा विचार. उत्पन्न त्यांनी बांबूवर घेतले आणि रानाचा एक तुकडा देवराईसारखा पूर्ण राखून ठेवला. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी आवर्जून लिहिले आहे. हातची मिळकत सोडणे सोपे नसते. ती त्यांनी सोडली, कारण उरलेले रान त्यांचेच होते.

इथे मला आमच्या श्रावकाचारातली पंधरा कर्मादाने आठवतात. गृहस्थाने ज्या धंद्यांतून पोट भरू नये, अशांची ती यादी आहे. तिच्यात अंगारकर्म म्हणजे कोळसा पाडणे आहे, वनकर्म म्हणजे रान तोडून विकणे आहे, आणि दवदान म्हणजे वणवा लावणेही आहे. सरःशोष, म्हणजे तळी आटवणे, हेही त्याच यादीत आहे. हैदराबादकरांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्यांनी ही यादी केली त्यांना हरितगृह वायू ठाऊक नव्हते. एका आगीत किती जीव जातात, एवढे ठाऊक होते. पण यादी पाठ असलेल्या आमच्या समाजात जंगलाच्या ठेकेदारीवर उभी राहिलेली घरे नव्हती, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या रानाचा ठेका घेताना यादी विसरायला होते.

कार्बनचा बाजार

जंगल राखणाऱ्याला त्याबद्दल पैसा मिळावा, ही कल्पना २००७ च्या बाली परिषदेपासून जागतिक चर्चेत आहे. तिला रेड-प्लस म्हणतात. जंगलतोड आणि जंगलाची खराबी टाळून जितका वायू वाचला, तितका मोबदला. भारताने २०१८ साली आपले रेड-प्लस धोरण जाहीर केले. शिवाय २०३० पर्यंत जंगल आणि झाडांच्या रूपाने अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जास्तीचा साठवण्याचे वचन आपण जगाला दिले आहे.

कल्पना चांगली आहे, पण पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. हे रान पैसे नसते दिले तर खरोखर तुटले असते का? इथली तोड थांबली आणि शेजारच्या रानात सुरू झाली, असे तर झाले नाही ना? आणि आज राखलेला कार्बन वीस वर्षांनी वणव्यात किंवा खाणीत जाणार नाही, याची हमी कोण देतो? जगभरच्या अनेक कार्बन-प्रकल्पांवरची टीका या तीन प्रश्नांतूनच आलेली आहे. मला चौथाही प्रश्न महत्त्वाचा वाटतो. रानाला असा भाव आला, की ज्याने ते राखले त्याच्या हातात ते राहील ना? ग्रामसभेला न विचारता तिच्या रानाचा कार्बन विकला गेला, तर बांबूच्या जागी कार्बन आला एवढाच फरक. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत, आणि त्याच जिल्ह्यात सूरजागडच्या परिसरात लोखंडाच्या खाणींसाठी जंगल जातही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत.

आपल्या वाट्याचे

आता दवाखान्यातल्या प्रश्नाकडे परत येते. झाड लावले, उत्तम केले. पण काम तिथे संपत नाही, याची दोन कारणे.

पहिले, गाडीच्या धुरातला कार्बन आणि झाडातला कार्बन यांची कुळे वेगळी आहेत. पेट्रोल आणि कोळसा यांतला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली बंद होता. झाडातला कार्बन हवा आणि रान यांच्यात ये-जा करणारा आहे. आज झाडाने घेतला तरी एका वणव्याने परत येऊ शकतो. तेव्हा मेंढ्याच्या रानावर आपल्या पेट्रोलची उधारी लिहिता येत नाही. ती आपली आपणच कमी करायची आहे.

दुसरे, रोपापेक्षा राखण मोठी. आपल्या वसाहतीत वाहनतळासाठी जुना कडुनिंब तोडायचा विषय सभेत निघाला, तर हात वर करायला आपण हजर असतो का? वाळका पाला पेटवणाऱ्याला थांबवून त्याचे खत करायला सांगतो का? आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट विकून दहा वर्षांत मोडणारे नवे घेतो का? कांचा गच्चीबावलीसारखा विषय निघतो तेव्हा तो विद्यार्थ्यांचा म्हणून सोडून देतो का? वृक्षारोपणाच्या फोटोत या गोष्टी येत नाहीत, पण कार्बनच्या वहीत येतात.

सहा वाटसरूंच्या चित्रात एक गोष्ट दाखवलेली नाही. ते झाड कोणाचे आहे? सहाही जण वाटेने जाणारे आहेत, उद्या त्या झाडाखाली त्यांच्यापैकी कुणी असणार नाही. म्हणून गोष्टीत सगळा भार प्रत्येकाच्या मनावर पडतो. मेंढा आणि पाचगाव इथे झाडाखाली राहणारे लोक आहेत. उद्या, परवा, नातवंडांच्या काळातही त्यांना तिथेच जांभूळ खायचे आहे, आणि ते कसे खायचे हे ठरवायचा अधिकार आता त्यांच्याकडे आहे. जंगल राखून हवेतला वायू कमी करायचा, याचा सर्वात खात्रीचा मार्ग मला तरी हाच दिसतो. मन शुक्ल असावेच. पण सगळ्यांची मने शुक्ल होईपर्यंत रान थांबणार नाही, तेव्हा राखणाऱ्याच्या हातात हक्क असावा.

पुढच्या वेळी कुणी मला फोटो दाखवला, तर मी त्यांना विचारणार आहे: या झाडाला पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, आणि तीस वर्षांनी ते तोडायला कुणी आले तर आडवे कोण येणार? उत्तरात एखाद्या नातवाचे नाव आले, तर झाड लावल्याचे सार्थक झाले असे समजेन.